टोपीवर विश्वास ठेवा, घागऱ्याच्या रंगावर नको

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. २७ एप्रिलला, किंग्ज डेला म्हणजे राजाच्या वाढदिवसाला, इथं नेदरलँड्समध्ये जो तो घरातला पसारा रस्त्यावर मांडून बसतो. हार्लेमच्या अशा बाजारात तुम्ही १२ युरोंना एक फ्रेम घेतलीत. आत एक बाई उभी आहे. डोक्याला सोनेरी टोप, त्यावर जाळीची पांढरी टोपी, निळा घागरा, पांढरा एप्रन. खाली डच आणि फ्रेंच भाषेत एकेक ओळ, त्यात फ्रीसलंड या उत्तरेकडच्या प्रांताचं नाव. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. हे अस्सल जुनं छापचित्र आहे की नंतरची नक्कल? बाईचा पोशाख खरा मानायचा का? आणि नेदरलँड्सच्या बारा प्रांतांतल्या बारा बायकांची लिनोकट (लिनोलियमच्या तुकड्यात कापून छापलेली) मालिका करायची आहे, तर अशा चित्रांतले रंग जसेच्या तसे घेतले तर चालेल का?

पहिल्या प्रश्नाचं नक्की उत्तर मी देणार नाही. फोटोवरून छापचित्राचं वय सांगणं म्हणजे फोनवरून नाडी बघणं. पण तुमचं तुम्हाला कसं बघता येईल ते सांगतो. दुसरा आणि तिसरा प्रश्न मात्र मुळात एकच आहेत. असल्या चित्रातलं काय खरं धरायचं आणि काय नाही, हा तो प्रश्न. मी मुंबईत जे. जे.त प्रिंटमेकिंग शिकलो. गेली बावीस वर्षं उत्रेख्तजवळ जुन्या कागदांची डागडुजी करतो आणि उरलेल्या वेळात स्वतःचे वुडकट काढतो. डच पेहरावांची छापचित्रं या टेबलावरून शेकड्यांनी गेली आहेत. त्यातून झालेलं माझं मत असं: प्रत्यक्ष पोशाखात रंग सगळ्यात जास्त बोलतो, आणि छापचित्रात तोच सगळ्यात कमी भरवशाचा असतो. पुढचं सगळं या एका विसंगतीभोवती फिरतं.

आधी भिंग. १० पटीचं साधं भिंग घ्या, सोनाराकडे असतं तसलं. बाईच्या गालावर आणि एप्रनच्या सावलीवर धरा. ठिपके एकसारख्या अंतरावर, जाळीत बसवल्यासारखे सरळ रांगेत दिसले, तर छपाई फोटोच्या तंत्राची आहे. म्हणजे फार मागे गेलं तरी एकोणिसाव्या शतकाची शेवटची दोन दशकं, आणि बहुतेकदा त्यानंतरचीच. विषय तिथेच संपला. ठिपके हाताने टाकलेले दिसले, कुठे दाट, कुठे विरळ, गालाच्या गोलाईबरोबर वळत गेलेले, तर ते तांब्याच्या पत्र्यावरचं ठिपक्यांचं कोरीवकाम असू शकतं. १८०० च्या आसपास या कामाची चलती होती. अशा चित्राच्या चारी बाजूंना पत्र्याच्या कडेचा दाब कागदावर उमटलेला असतो, बोट फिरवलं की कळतो. खडूने कागदावर घासल्यावर येते तशी रवाळ छटा दिसली आणि कडेचा दाब नसला, तर दगडावरून छापलेला लिथोग्राफ.

रंगीत लिथो ओळखायला तुम्हाला डच चित्राची गरजही नाही. आपल्याकडे कुणाच्या देवघरात रविवर्मा प्रेसची जुनी लक्ष्मी किंवा सरस्वती असेल तर तिच्या चेहऱ्यावर भिंग धरा. गुलाबी, पिवळे, निळसर असे वेगवेगळ्या दगडांवरचे वेडेवाकडे ठिपके एकावर एक पडलेले दिसतील, आणि एखादा रंग ओठाच्या रेषेबाहेर केसभर सरकलेलाही. युरोपातली रंगीत शिळाछाप भिंगाखाली अशीच दिसते. तंत्र तेच, यंत्रंही तिकडूनच आली होती.

कडेचा दाब दिसला म्हणून लगेच खूश होऊ नका. सुरुवातीच्या वर्षांत मी इथल्या एका दुकानातून एक 'तांब्याच्या पत्र्यावरचं' छापचित्र घेतलं. दाब होता, कागद पिवळा होता, किंमतही भारदस्त होती. घरी येऊन भिंग लावलं तर सरळ रांगेतले ठिपके. फोटोवरून छापलेली नक्कल, वरून कोऱ्या पत्र्याने दाब दिलेला, आणि चहाच्या पाण्यात बुडवल्यासारखा सगळीकडे एकसारखा पिवळेपणा. खरा जुना कागद एकसारखा पिवळा होत नाही. फ्रेमच्या कडेखाली तो वेगळा असतो आणि मागच्या फळीचे डाग त्यावर उतरलेले असतात.

आता पोशाखाच्या खरेपणाकडे. ही चित्रं कोणी, कोणासाठी काढली हे कळल्याशिवाय ती वाचता येत नाहीत. लोकांचे पेहराव छापण्याची हौस युरोपात जुनी. सोळाव्या शतकातच देशोदेशीच्या पोशाखांची पुस्तकं निघू लागली होती. पण त्यांत 'हॉलंडची बाई' एखाददुसरीच असायची. नेदरलँड्सचे पेहराव गावोगावचे म्हणून मोठ्या प्रमाणावर छापले गेले ते दोन टप्प्यांत. पहिला टप्पा ॲमस्टरडॅमचा प्रकाशक एव्हर्ट मास्काम्प याचा. १८०३ पासून पुढची काही वर्षं त्याने देशातले पेहराव आणि चालीरीती दाखवणारी मालिका हप्त्याहप्त्याने काढली. चित्रं प्रामुख्याने जाक कायपरची, कोरीवकाम लुडविग पोर्टमनचं. मजकूर डचबरोबर फ्रेंच आणि इंग्रजीतही होता. काळ लक्षात घ्या. १७९५ साली जुनी व्यवस्था कोसळून बटाव्हियन प्रजासत्ताक आलं होतं, आणि आपापल्या तोऱ्यात राहणाऱ्या प्रांतांना 'आपण एक राष्ट्र' असं प्रथमच सांगितलं जात होतं. फ्रीसलंडची बाई, झेलंडचा शेतकरी, स्खेवेनिंगेनची कोळीण एकाच मापाच्या कागदांवर, एकाच पुस्तकात शेजारी बसवणं हेसुद्धा त्या सांगण्याचाच भाग होता, असं मला वाटतं. फ्रेंच आणि इंग्रजी मजकूर कोणासाठी, हे तर उघडच आहे. प्रवाशांना विकायला.

दुसरा टप्पा १८५० च्या दशकातला. फालेंटाइन बिंग आणि यान ब्राट फॉन युबरफेल्ट हे दोन चित्रकार देशभर फिरले. त्यांची ५६ रंगीत लिथोग्राफची मालिका ॲमस्टरडॅमच्या फ्रान्स बुफा या कलाव्यापारी पेढीने प्रसिद्ध केली. शीर्षकातच 'प्रत्यक्ष पाहून काढलेले' असा दावा आहे. बऱ्याच अंशी तो खराही आहे. टोपीची घडी, पिन कुठे खोचली आहे, मण्यांचे किती पदर, हे सगळं त्यांनी बारकाईने टिपलं. तुमच्या चित्राखालची डच आणि फ्रेंच ओळ बघता या घराण्याचा विचार मनात येतो. पण या चित्रांच्या नकला, लहान आवृत्त्या आणि पुस्तकांतून फाडलेली पानं इतकी फिरत असतात की भिंग लावल्याशिवाय मी नाव घेणार नाही.

दोन्ही मालिकांना गिऱ्हाईक हवं होतं, आणि गिऱ्हाइकाला सणासुदीचा पोशाख हवा होता. म्हणून चित्रातली बाई कायम रविवारची. हातात प्रार्थनेचं पुस्तक, नाहीतर रिकामी टोपली. गोठ्यातली, भिजलेली, बाह्या वर केलेली बाई फारशी दिसत नाही. गरीब बाई दिसते ती इतकी नीटनेटकी की तिची गरिबीही इस्त्री केलेली वाटते. आज शंभर वर्षांनी कुणी आपल्याला फक्त लग्नाच्या अल्बमवरून ओळखू लागलं तर जे होईल, तेच या बायकांचं झालं आहे.

मग भरवसा कशावर? माझा क्रम असा आहे: आधी डोकं, मग खांदे, मग घागऱ्याची लांबी आणि घेर, आणि रंग सगळ्यात शेवटी. कारण सरळ आहे. टोपीची बाह्यरेषा चित्रकाराने काढली आणि कोरणाऱ्याने पत्र्यात कोरली. ती एकदा कोरली की प्रत्येक छापात तीच राहते. रंग मात्र मास्काम्पच्या काळातल्या चित्रांत छापून झाल्यावर हाताने भरले जात. त्या धंद्यात रीत अशी की समोर नमुन्याचा एक कागद ठेवायचा आणि एकाने सगळे निळे, दुसऱ्याने सगळे लाल भरत जायचं. निळा संपला तर हिरवा. एकाच पत्र्याचे दोन छाप माझ्या टेबलावर एका आठवड्यात आले आहेत. एकीचा घागरा तपकिरी, दुसरीचा जांभळट. पोशाखाचा अभ्यास करणारा एखादा त्यावरून दोन गावं शोधत बसला असता.

शिवाय रंग जागच्या जागी राहतही नाहीत. वनस्पतीपासून केलेला पिवळा उजेडात उडतो, आणि निळ्यावर पिवळा चढवून केलेला हिरवा निळा होऊन बसतो. शिशाचे रंग काळवंडतात. त्यामुळे पांढऱ्याने उठाव दिलेली लेस काळपट दिसते आणि लोक तिला दुखवट्याची लेस समजतात. तांब्याचा हिरवा कागद जाळतो, मागून तपकिरी डाग दिसतो. तुमच्या बाईचा निळा घागरा कदाचित पहिल्यापासून निळाच असेल. तो एकेकाळी हिरवा होता का हे बघायचं तर फ्रेमच्या आतल्या पुठ्ठ्याखाली झाकलेल्या कडेवर रंगाचा फटकारा गेला आहे का ते पाहा. उजेड न लागलेली ती जागाच खरं बोलते.

आता टोप. तुमच्या बाईच्या डोक्यावरच्या सोनेरी वस्तूला डचमध्ये ओरआयझर म्हणतात. शब्दशः अर्थ कानाचं लोखंड. सुरुवातीला ती फक्त एक अरुंद पट्टी होती. डोक्याच्या मागून कानांवर येणारी, टोपी घट्ट धरून ठेवणारी, आपल्या हेअरबँडची आजी म्हणा. मग ती चांदीची झाली, सोन्याची झाली, आणि फ्रीसलंडमध्ये एकोणिसाव्या शतकात पसरत पसरत जवळजवळ सगळं डोकं झाकणारं शिरस्त्राण झाली. त्याच्या आत काळी टोपी, वर लेसची टोपी. पुढे फ्रेंच फॅशन आली तेव्हा ऐपतदार बायकांनी या सगळ्यावर आणखी एक फुलाफुलांची हॅट चढवली. तेव्हा चित्रात पट्टीची रुंदी बघा. कानाजवळ नुसती दोन टोकं डोकावत असतील तर चित्र किंवा त्याचं मूळ जुनं. अख्खं डोकं सोन्याने मढलेलं असेल तर पुढचं. चित्राखाली छापलेल्या सालापेक्षा मी या पट्टीवर जास्त विसंबतो. साल जुन्या पत्र्यावर नव्याने कोरता येतं. शिवाय 'परंपरागत' पेहराव युगानुयुगं तसाच असतो या समजुतीलाही ही पट्टी परस्पर उत्तर देते.

डोक्याचं दुसरं उदाहरण झेलंडचं. झाउड बेव्हलंड भागात प्रॉटेस्टंट बाईची टोपी गोलसर, शिंपल्यासारखी पसरलेली, तर कॅथलिक बाईची चौकोनाकडे झुकणारी, वर रुंद. एकच बाजार, एकच बेट, आणि लांबून टोपी बघून कळायचं की ही कोणत्या चर्चची. छापचित्रात हा आकार बहुधा बरोबर असतो, कारण चित्रकारालाही तोच गमतीचा वाटला. खाली लिहिलेलं गावाचं नाव मात्र दोन-दोनदा तपासा. अक्षरं कोरणारा कारागीर दुसराच असायचा आणि त्याने ते गाव पाहिलेलं असेलच असं नाही.

एक गोष्ट प्रिंटमेकर असल्याशिवाय चटकन लक्षात येत नाही, म्हणून सांगतो. छापलं की चित्र उलटतं. लिनो कापताना तुम्हालाही हा अनुभव येईलच. जुना कोरणारा अक्षरं उलटी कोरायचा, म्हणून ती छापल्यावर सुलट वाचता येतात. तेवढ्यावरून चित्रही सुलट आहे असं धरू नका. बाईने सुई डाव्या हातात धरली आहे, किटलीतून डाव्या हाताने ओतते आहे, गळ्यावरच्या रुमालाचे पदर भलत्याच बाजूने एकमेकांवर आले आहेत, असं काही दिसलं तर आरशातलं चित्र असण्याची शक्यता धरा. एकाच मालिकेत तीन बायका डावखुऱ्या निघाल्या तर शंका उरतच नाही. ज्या पोशाखात पिन कुठल्या बाजूला खोचायची यालाही अर्थ असतो, तिथे ही चूक निव्वळ चित्रकलेची राहत नाही.

इथवरचं एका दमात: भिंगाने तंत्र ठरवा, टोपीने काळ आणि गाव ठरवा, डावं-उजवं पडताळा, आणि रंगाला अजून हात लावू नका.

रंगाला हात लावला की काय होतं ते मी भोगलं आहे. इथे येऊन दोनेक वर्षं झाली असतील. एक जुनं रंगीत कार्ड आणि एक लिथोग्राफ समोर ठेवून मी स्टापहोर्स्ट या पेहरावासाठी प्रसिद्ध गावातल्या बाईचा पाच रंगांचा वुडकट केला. अंगावर निळं घातलं, कारण कागदाच्या क्रीम छटेवर निळा छान बसत होता. गळ्याला लाल दिला, कारण निळ्याशेजारी लाल उठतो. त्या भागातल्या एका छोट्या वाचनालयात तो टांगला होता. एक आजीबाई आल्या, स्वतः काळ्या घागऱ्यात. बराच वेळ बघत राहिल्या आणि मला विचारलं, "हिच्याकडे कोण गेलंय?" मला आधी प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी बोट ठेवून दाखवलं. हा निळा दुखवट्याचा, आणि हा लाल दुखवटा नसताना घालायचा. तुमची बाई अर्धी मयताला आली आहे आणि अर्धी लग्नाला. बोलताना त्या हसत नव्हत्या, चिडल्याही नव्हत्या. हिशोबातली चूक दाखवावी तसं दाखवलं आणि गेल्या. ते ठोकळे मी अजून ठेवले आहेत, पुन्हा छापले नाहीत.

दुखवट्याचे हे नियम अनेक गावांत फार बारीक होते. जवळच्या माणसासाठी लांब आणि गडद, दूरच्यासाठी आखूड आणि फिकट, आणि मध्ये पायऱ्या. घरं मोठी, मरणं वारंवार. त्यामुळे एखादी बाई आयुष्याची कित्येक वर्षं कुठल्या ना कुठल्या पायरीवर असायची. छापचित्रांत हे जवळजवळ नाही, कारण दुखवट्याची चित्रं खपत नाहीत. आणि जिथे चुकून आहे, तिथे रंग भरणाऱ्या पोराने निळ्याच्या जागी लाल भरला तर विधवेची नवरी होते.

यात आपल्याला जवळचं वाटेल असं गाव म्हणजे हिंडेलोपन, फ्रीसलंडमधलं जुनं बंदर. तिथल्या बायका वेंटके नावाचा लांब अंगरखा घालायच्या, आणि तो असायचा कोरोमंडल किनाऱ्यावरून डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून आलेल्या चिटाचा. चीट म्हणजे तेच, जुन्या पिढीच्या बोलण्यात 'चिटाचा परकर' यायचा ते. डच भाषेत त्याला सिट्स म्हणतात, आणि दोन्ही शब्दांचं मूळ एकच. कलमाने काढलेल्या वेली, तुरटीच्या आणि लोखंडाच्या पाण्याने पक्का केलेला लाल आणि काळा, निळीत बुडवलेला निळा. हिंडेलोपनमध्ये लाल फुलांचं चीट आनंदाचं, निळं-पांढरं दुखवट्याचं. आंध्र-तमिळ किनाऱ्यावरच्या कारागिराने निळ्या वेली काढल्या तेव्हा त्या उत्तर समुद्राकाठच्या कुणा बाईचा शोक सांगणार आहेत हे त्याच्या गावीही नसेल.

छापचित्रात या चिटाचं काय होतं ते बघण्यासारखं आहे. पूर्ण बाईची उंची कागदावर वीतभर. तेवढ्यात वेल, कळी, पान कोरायला जागा कुठली? कोरणारा चार-पाच गिरवण्या करतो आणि रंग भरणारा त्यावर लाल ठिपके टेकवतो. चित्रात दिसतं ते कुठलंही फुलांचं कापड. म्हणून तुमच्या बारा जणींत हिंडेलोपनची असेल तर छापचित्रावरून फक्त अंगरख्याची लांबी आणि लग्न झालेल्या बाईची ती उंच गुंडाळलेली टोपी घ्या. नक्षी खऱ्या कापडावरून घ्या. लेवार्डनच्या फ्रीज म्युझियममध्ये चिटाचा फार चांगला संग्रह आहे. मी तिथे पहिल्यांदा निळा वेंटके बघितला तेव्हा बराच वेळ फक्त बाहीची शिवण बघत होतो. नक्षी जुळवायला कापड कसं कापलंय, तुकडा किती काटकसरीने लावलाय! कापड महाग होतं, हे त्या शिवणीत दिसतं. छापचित्रात नाही दिसत.

आता बारा प्रांत, बारा बायका या बेताबद्दल. इथे मी जरा मोडता घालणार. पोशाख प्रांताच्या सीमा पाळत नाही. तो गाव, चर्च आणि धंदा बघून बदलतो. एकट्या झेलंडमध्ये अनेक प्रकार आहेत, आणि काही प्रांतांत एकही ठळक पेहराव सापडणार नाही. आणि बारावा प्रांत, फ्लेवोलंड, तर १९८६ साली जन्माला आला, बराचसा समुद्र आटवून केलेल्या जमिनीवर. त्याचा पारंपरिक पेहराव कुठून आणणार? पण गंमत अशी की त्याच फ्लेवोलंडमध्ये उर्क आहे. ते पूर्वी बेट होतं, १९३९ साली बांध घालून जमिनीला जोडलं गेलं, आणि तिथला कोळ्यांचा पेहराव प्रांतापेक्षा कितीतरी जुना. म्हणजे अडून बसायचंच असेल तर उर्कची बाई घेऊन बारा पूर्ण करता येतील. मी असतो तर प्रांत सोडले असते आणि जुन्या झाउडरझेच्या काठची गावंच घेतली असती: फोलेंडम, मार्केन, उर्क, स्पाकेनबुर्ख, हिंडेलोपन. १९३२ साली मोठा बांध पूर्ण झाला आणि तो समुद्र गोड्या पाण्याचं तळं झाला. या गावांची मासेमारी बदलली आणि तिच्याबरोबर बाकीचंही.

फोलेंडमबाबत एक सावधगिरी. पंखांसारख्या वर वळलेल्या लेसच्या टोकदार टोपीला तिथे हुल म्हणतात. ती आज सगळ्या देशाची खूण झाली आहे, चुंबकापासून चॉकलेटच्या डब्यापर्यंत. मुळात ती एका कॅथलिक कोळीवाड्याची टोपी. ती जगभर गेली ती पर्यटनामुळे आणि छपाईमुळे. १८७४ साली आंरी आवार या फ्रेंच लेखकाचं झाउडरझेच्या 'मेलेल्या शहरांवरचं' प्रवासवर्णन आलं, आणि बाहेरच्यांचं लक्ष या काठाकडे गेलं. १८८१ साली फोलेंडममध्ये स्पांडर हॉटेल सुरू झालं आणि चित्रकार तिथे मुक्काम ठोकू लागले. मग आंरी कासियेसारख्या बेल्जियन चित्रकाराने अँटवर्पहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या रेड स्टार लाइनच्या पोस्टरांवर काठावर उभी पेहरावातली माणसं रंगवली. दूरवर बोट आणि पुढे टोप्या. विली स्लाउटरने कोळ्यांची झणझणीत रंगांची लिथो पोस्टरं केली. ती मला फार आवडतात. सपाट रंग, जाड बाह्यरेषा, लिनोकटवाल्याने रोज एक बघावं असं काम. पण पोशाखाचा पुरावा म्हणून त्यांच्याकडे जाऊ नका. पोस्टरचा रंग दहा पावलांवरून दिसावा म्हणून निवडलेला असतो. दोघांच्याही मृत्यूला ७० वर्षं उलटून गेली आहेत, तेव्हा हक्कांची अडचण नाही. बिंग आणि मास्काम्पच्या बाबतीत तर नाहीच.

मार्केनबद्दल एवढंच, की तिथे लहान मुलगेही सहा-सात वर्षांचे होईपर्यंत मुलींसारखे घागरे घालायचे. जुन्या छापचित्रांत 'मार्केनच्या दोन मुली' म्हणून दिसतात त्यांतली एक मुलगी असेलच असं नाही.

तुमच्या लिनोसाठी प्रत्यक्ष कामाचं सांगतो. स्पाकेनबुर्खपासून सुरुवात करा. तिथल्या बायकांच्या खांद्यांवर क्रापलाप नावाचा खळ लावून कडक केलेला भाग असतो, पुठ्ठ्यासारखा ताठ, खांद्याबाहेर आलेला, फुलाफुलांच्या कापडाचा. बाह्यरेषा इतकी ठाम की लिनोत पहिल्या कापातच ती बाई ओळखू येते. मऊ लेसच्या टोप्यांनी सुरुवात केलीत तर पहिल्या आठवड्यातच चाकू फेकून द्याल. लेस कापताना भोकं कोरत बसू नका. टोपीचा पांढरा तसाच सोडा आणि कडेला चार-सहा दातरे द्या, डोळा बाकीची लेस स्वतः विणतो.

आणि स्टापहोर्स्ट घ्याच, पण चित्रावरून नको. तिथे स्टिपवेर्क नावाचं काम आहे. लाकडाच्या किंवा बुचाच्या तुकड्यात खिळे ठोकून ठसा करायचा, खिळ्यांची डोकी रंगात बुडवायची आणि काळ्या कापडावर ठिपक्या-ठिपक्यांची फुलं उठवायची. महाग नक्षीदार कापडाला तो स्वस्त पर्याय होता, नंतर तीच गावाची ओळख झाली. म्हणजे ही बाई छापचित्रात येण्याआधीच छापलेली आहे. तिची चोळी लिनोत कापू नका. बुचात खिळे ठोका आणि छापावर हाताने ठिपके द्या. मी पुन्हा स्टापहोर्स्ट केलं तर असंच करीन. आणि तिथे गेलात तर कॅमेरा आत ठेवा, विशेषतः रविवारी. त्या लोकांना फोटो आवडत नाहीत, आणि का आवडत नाहीत हे दीडशे वर्षांची छापचित्रं बघितल्यावर मला तरी समजतं.

रंग ठरवताना प्रत्येक बाईसाठी आधी एक प्रश्न सोडवा: ही दुखवट्यात आहे की नाही. मग एन्कहाउझेनचं झाउडरझे म्युझियम, आर्नेमचं खुलं संग्रहालय किंवा फ्रीज म्युझियम यांच्याकडचे प्रत्यक्ष कपडे बघून त्या स्थितीतले रंग घ्या. छापचित्रं राइक्सम्युझियमच्या संकेतस्थळावर मोठ्या आकारात फुकट उतरवता येतात. एकाच पत्र्याचे दोन-तीन छाप सापडले तर शेजारी ठेवा. जो रंग सगळ्यांत सारखा आहे तो निदान नमुन्याच्या कागदावर तरी होता, एवढं म्हणता येईल.

राहता राहिली तुमची फ्रेम. मागची कागदी पट्टी तपकिरी आणि ठिसूळ झाली असेल तर ती ओढू नका, चित्राचा कोपरा तिच्याबरोबर येईल. फ्रेम उपडी ठेवा, खिळे काढा, फळी उचला आणि चित्र पुठ्ठ्याला कुठे चिकटवलंय ते आधी बघा. वरच्या कडेला दोन ठिकाणीच असेल तर तसंच राहू द्या, भिंगाचं सगळं काम तेवढ्यात होतं. पूर्ण चिकटवलेलं असेल तर तिथेच थांबा, पाणी लावू नका. हाताने भरलेला निळा पाण्यात वाहतो, आणि मग तो खरा होता की नाही हा प्रश्नच उरत नाही.